माझ्या नावावर नरसय्याची छाती

न लिहिलेली नोंद

पायांची बोटं जड वाटू लागली तेव्हा मी ते वहीत लिहिलं नाही. बाकी सगळं लिहितो. संघ बाहेरगावी निघाला की चेंडू किती, हवा भरायचा पंप कुणाकडे, कुणाच्या गुडघ्याला पट्टा लागतो, एस.टी.त कुणाला खिडकीच लागते, हे माझ्या खिशातल्या वहीत असतं. पाठदुखीही लिहिली होती : ‘दोन्ही खांद्यांच्या मध्ये, सकाळी जास्त.’ संध्याकाळची कणकण लिहिली होती. बोटांचं मात्र नाही.

मग एके दिवशी मंगळवार पेठेतून बाजार करून परतत होतो. आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. माझी बायको महानंदा दोन पावलं मागं होती. ती एकदम ओरडली, “अहो, चप्पल कुठंय तुमची?”

खाली बघितलं. उजवा पाय उघडा. चप्पल वीस पावलं मागं, एका भांड्याच्या दुकानासमोर पडली होती. बाराचं ऊन, तापलेलं डांबर, आणि माझा तळवा त्यावरून वीस पावलं चालत आला होता. मला पत्ता नव्हता.

महानंदा हसली. “डोक्यात काय खेळ चालू हाय एवढा? चप्पल गेलेली कळंना!”

मीही हसलो. मागं जाऊन चप्पल पायात घातली.

तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. सोलापुरातल्या एका गिरणीच्या बास्केटबॉल संघात खेळायचो, नव्या पोरांना शिकवायचो, आणि टाइम ऑफिसात कारकून होतो. ज्यांना मणक्याचा आजार सांगितला गेलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं देत नाही, ती डॉक्टर देतील. भीतीबद्दल लिहितो, कारण ती केसपेपरवर कुणी लिहीत नाही. आणि मी एक चूक केली, तीही लिहितो.

पाच नोकऱ्या, बरीच नावं

कॉलेजात मी मोठा माणूस होतो. संध्याकाळी मैदानाभोवती पोरं सायकली लावून उभी राहायची. चेंडू माझ्या हातात आला की “मल्लू, मल्लू” सुरू व्हायचं. विद्यापीठाच्या संघाचा कप्तान झालो तेव्हा प्राचार्यांनी ऑफिसात बोलावून चहा पाजला. वाटलं, आता पुढं जन्मभर हेच.

जन्मभर खेळलो खरा, पण वेगळ्या तऱ्हेनं. आपल्याकडे बास्केटबॉल खेळण्याची नोकरी नसते. संघ पाहिजे असलेली कंपनी खेळाडूला कारकून म्हणून घेते. साहेब बदलला, संघ बंद झाला, की कारकुनाची जागाही जाते. पुण्याच्या एका कारखान्यात तीन हंगाम, हुबळीला दोन, एका वाहतूक कंपनीत एक, अकलूजच्या बाजूच्या साखर कारखान्यात चार, आणि मग परत सोलापूर. दर ठिकाणी नवी जर्सी, नवा नंबर. पहिल्या ठिकाणी मी सगळ्यांपेक्षा उंच उडायचो. पाचव्या ठिकाणी कुठं उभं राहिलं की उडावं लागत नाही, एवढं मला कळायला लागलं होतं. महानंदानं चार वेळा संसार बांधला आणि चार वेळा सोडवला. तक्रार केली नाही, पण चौथ्या वेळी ट्रंकेवर बसून म्हणाली, “आता ह्या कड्या गंजू द्या की जरा.”

शिवाय अधूनमधून परक्या संघांसाठी खेळायचो. एखाद्या गावच्या स्पर्धेत उंच माणूस कमी पडला की निरोप यायचा. खेळाडूंची नावं आधीच कळवलेली असायची, म्हणून जो आला नाही त्याच्या नावावर उतरायचं. बार्शीत मी जोशी होतो, सांगलीत शेख होतो. पंच ओळखीचे. “आज काय नाव हाय, मल्लूअण्णा?” म्हणून हसायचे. कुणाला गैर वाटायचं नाही. गिरणीत तर हे रोजचंच. एक कामगार आला नाही की त्याच्या मागावर बदली कामगार उभा राहतो. माग चालला म्हणजे झालं.

माझी गिरणीतली जागा मात्र वर्षावर्षाच्या नेमणुकीच्या हुकमावर होती. हुकूम वाढवायचा तर तब्येतीचा दाखला लागायचा, आणि दाखल्याला छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे. कापसाच्या धुळीमुळं तो सगळ्यांचाच काढायचे. त्या वर्षी फोटोची गाडी गिरणीच्या फाटकात आली, त्याच दिवशी मला अकलूजला एका सामन्यात दुसऱ्याच कुणाच्या नावानं खेळायचं होतं. शब्द देऊन बसलो होतो.

नरसय्या म्हणाला, “अण्णा, तुम्ही बिनघोर जावा. छाती काय, सगळ्यांना सारखीच असती की.”

नरसय्या आमच्या संघातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ. वय अठ्ठावीस. विणकर घरातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी. विणाईखात्यात बदली कामगार होता, कार्डावर मिळेल त्या दिवशी काम. चेंडू न बघता पळवायला मी त्याला शिकवलं होतं. त्यानं रांगेत उभं राहून माझं नाव सांगितलं, माझा तिकीट नंबर सांगितला, शर्ट काढला, श्वास रोखून धरला. फोटो स्वच्छ आला. माझ्या नावावर दाखला मिळाला. मी वहीत बरोबरची खूण केली.

त्या दिवशीही माझी पाठ दुखत होती. कणकण येतच होती.

दोन मणके

चपलेच्या प्रसंगानंतर गिरणीच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडली. छाती स्वच्छ, दाखला ताजा. “खेळून पाठ धरलीय. वय झालं आता,” म्हणाले. गोळ्या दिल्या, तेल दिलं. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ते ऐकलं. त्यात दोन महिने गेले. मग सराव करताना एके दिवशी माझेच दोन पाय एकमेकांत अडकले आणि मी सपाट पडलो. उठताना पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटले. नरसय्यानं आणि आणखी दोघांनी टांग्यात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले हाडांचे डॉक्टर कमी बोलायचे. पाठीचा फोटो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मलाही दिसलं. बाकी मणके सरळ कडांचे होते. मधले दोन चहात बुडवलेल्या पावासारखे दिसत होते.

“हे दोन कारणांनी होतं,” ते म्हणाले. “क्षय किंवा गाठ. क्षय असेल तर औषध आहे. पाय परत येण्याची आशाही आहे. छातीचा फोटो काढलाय का कधी?”

महानंदा चटकन म्हणाली, “काढलाय की. गिरणीत. पाच महिनेसुद्धा झाले नाहीत.” आणि पिशवीतून पाकीट काढून तिनं त्यांच्या हातात दिलं. कागदपत्रं एकत्र ठेवायची सवय तिला मीच लावली होती.

त्यांनी तोही फोटो उजेडात धरला. “अगदी स्वच्छ आहे,” म्हणाले. “मग आपल्याला आधी गाठीचा विचार करायला हवा. मुंबईला पाठवावं लागेल. पाठ उघडून तुकडा काढून तपासतील. त्यात पायांना धोका आहे, हे आत्ताच सांगतो.”

दवाखान्यात फिल्मांचा तुटवडा होता. पाच महिन्यांपूर्वीचा चांगला फोटो हातात असताना दुसरा काढायचं त्यांना कारण नव्हतं. ते कारण मला माहीत होतं. मी बोललो नाही.

का बोललो नाही, हे बऱ्याच जणांनी मला नंतर विचारलं. तेव्हा डोक्यात दोनच गोष्टी होत्या. बोललो तर माझी नोकरी जाईल. आणि नरसय्याचं बदली कार्ड जाईल. तिसरी गोष्टही होती, ती मी स्वतःलाही सांगत नव्हतो : सगळं आयुष्य मी तब्येतीच्या परीक्षा पास होत आलो होतो. परीक्षेत खरं सांगायचं असतं, हे मला सुचतच नव्हतं.

वॉर्ड

पलंग मला आखूड होता. पाय बाहेर जायचे, म्हणून खाली स्टूल लावलं. हलायचं नाही, वळायचं नाही, बसायचं तर नाहीच. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पहाटे अंग पुसणं, मग चहा, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचा लांबलचक वेळ. छताला सात तुळया होत्या.

शेजारच्या पलंगावर टेंभुर्णीचे ट्रक ड्रायव्हर मस्के. मांडीचं हाड मोडून पाय वर टांगलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मास्तर, तुमी किती हाय ओ लांब? तुमच्यासाठी दोन पलंग जोडायचे तर माजा पलंग देतो. मी हितं असाच लटकत ऱ्हातो.”

मी हसलो नाही. ते म्हणाले, “न्हाय हसला तरी चालंल. पण आईकलं तरी ऱ्हावा.”

नव्यानं असं पडून राहावं लागणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. दाढीचा आरसा पलंगाच्या दांड्याला बांधून घ्या. दारातून कोण येतंय ते दिसतं. नुसत्या छताकडे बघणाऱ्याला प्रत्येक पावलाचा आवाज डॉक्टरांचाच वाटतो. आणि भेटायला आलेल्यांना पायाशी बसायला सांगा, उशाशी नको. उशाशी बसलेल्या माणसाची फक्त हनुवटी दिसते.

माझी मुलगी सुवर्णा आठवीत होती. ती पायाशी बसली आणि चादरीवरून माझ्या पावलावर हात ठेवून बोलत राहिली. शाळेतलं, मैत्रिणीचं, कायकाय. हात ठेवलाय हे मला आरशात दिसलं. पावलाला कळलं नाही.

“आप्पा, पाय गार हायत तुमचे,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “पंखा आहे ना वर.”

पंखा बंद होता.

बोटांची परीक्षा

डॉक्टर रोज सकाळी यायचे. डोळे मिटायला सांगायचे आणि पायाच्या बोटांना कापूस लावून विचारायचे, “आता कुठं?”

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांचा क्रम ठरलेला आहे. उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी. शेवटी दोन्ही घोटे. सामन्यात समोरचा खेळाडू डावीकडे झुकून उजवीकडे जातो की नाही, हे दोन चालींत ओळखणारा माणूस मी. क्रम पाठ झाला. त्यांच्या बाहीची सळसळ ऐकली की मी उत्तर द्यायचो. ते केसपेपरवर काहीतरी लिहायचे. महानंदाला म्हणायचे, “संवेदना आहे अजून.” तिचा चेहरा आरशात उजळायचा.

मी खोटं का बोलत होतो? बोटं मेली असं ते म्हणाले तर ती मेलीच, असं वाटायचं. मी ‘अंगठा’ म्हणालो की निदान पुढच्या सकाळपर्यंत अंगठा होता.

नवव्या दिवशी ते नेहमीसारखे आले. मुंबईचं पत्र तयार होतं, परवा निघायचं होतं. मी डोळे मिटले.

“आता?”

“उजवा अंगठा.”

“आता?”

“उजवी करंगळी.”

“आता?”

“डावा अंगठा.”

मग ते म्हणाले, “डोळे उघडा.”

उघडले. ते पलंगापासून दोन हात लांब उभे होते. कापूस टेबलावर होता.

“मी आज तुम्हाला हातच लावलेला नाही,” ते म्हणाले. “तुमचे पाय मला गेले चार दिवस वेगळं सांगतायत आणि तुम्ही वेगळं. मी पायांवर विश्वास ठेवायला हवा होता.”

शेजारी मस्क्यांनी तोंड पलीकडे वळवलं. पहिल्यांदाच.

घाम फुटणं काय असतं ते मला त्या सकाळी कळलं. खेळून येतो तो घाम वेगळा. हा गार असतो आणि मानेपासून निघतो. पाय खरंच गेलेत, हे मलाच आता पहिल्यांदा कळल्यासारखं झालं होतं.

मी म्हणालो, “डॉक्टर, तो छातीचा फोटोही माझा नाही.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी मी गावात नव्हतो. माझ्या नावावर दुसरा माणूस उभा राहिला.”

त्यांनी केसपेपर मिटला. मग खुर्ची ओढून बसले. नऊ दिवसांत ते पहिल्यांदा बसले.

“म्हणजे मी नऊ दिवस कुणाची तरी निरोगी छाती बघून तुमची पाठ उघडायला निघालो होतो.”

“हो.”

“तुम्हाला ताप येत होता तेव्हा?”

“फोटोच्या आधीपासून.”

“खोकला? वजन?”

मी वहीतलं सगळं सांगितलं. वजनाचे आकडेसुद्धा होते. ते उठले, सिस्टरना हाक मारली आणि म्हणाले, “ह्यांना असंच, न हलवता, फोटोला न्या. आत्ता. फिल्म नाही म्हणाले तर माझं नाव सांगा.”

खरा फोटो

माझ्या छातीत उजवीकडे वरच्या बाजूला डाग होता. थुंकीच्या तपासणीतही तेच निघालं. क्षय. मुंबईचं पत्र डॉक्टरांनी माझ्यासमोर दुमडून खिशात घातलं.

क्षय म्हटल्यावर हात जोडणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नसेल. आम्हाला लहानपणापासून त्या शब्दाचं भय. आमच्या गल्लीत एका घरावरून जाताना पोरं श्वास रोखून पळायची. आणि मी पडल्या पडल्या हात जोडत होतो.

“एवढे खूश होऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “सहा आठवडे औषध आणि प्लास्टर. तेवढ्यात पायात फरक दिसला तर ठीक. नाही दिसला तर पाठ उघडावीच लागेल, आणि मग मी कसलीच खात्री देत नाही.”

महानंदाला मी दुपारी सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती उभी राहिली.

“नऊ दिवस,” ती म्हणाली. “नऊ दिवस मी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन गाठ नसू दे, गाठ नसू दे म्हणून डोकं टेकवायले, आणि तुम्हाला ठाऊक होतं फोटो दुसऱ्याचा म्हणून?”

“नोकरी—”

“नोकरीचं नाव काढू नका. आणि बोटांचं? मला खोटं ऐकवलंत. मी पोरीला जाऊन सांगत होते, आप्पाची बोटं चांगली हायत म्हणून.”

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. भाकरीचा चुरा करून चमच्यानं भरवला. शब्द एक बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाय गेल्याची भीती आणि तिचं हे न बोलणं, ह्या दोहोंत जास्त कठीण काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी तिनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “आज कुठवर कळतंय? खरं सांगा.”

मी खरं सांगितलं. “गुडघ्याच्या खाली काही नाही.”

तिनं मान हलवली, आणि पुन्हा चमचा उचलला.

नरसय्या

डॉक्टरांना मी विनंती केली होती की नरसय्याचं नाव कुठं येऊ नये. ते म्हणाले, “माझ्या कागदावर तो नाही. पण तुमची छाती आहे, आणि ती मी आहे तशीच लिहिणार.”

रजेसाठी तो कागद गिरणीत गेला. तिथं पाच महिन्यांपूर्वीची छाती आणि आताची छाती शेजारी शेजारी ठेवली गेली. ज्या दिवशी फोटो निघाला, त्या दिवशीची हजेरी तपासली गेली. मला विचारायला कुणी यायच्या आत नरसय्याच पुढं झाला आणि मीच होतो म्हणून सांगून मोकळा झाला. त्याचं बदली कार्ड थांबवलं. माझा हुकूमही पुढं वाढणार नव्हता.

तो रविवारी भेटायला आला. पायाशी बसला. तोवर मी पाठीखाली प्लास्टरच्या साच्यात होतो, मान तेवढी वळायची.

“कार्ड थांबवलं?”

“हं. घरी माग हाय की, अण्णा. बापाशेजारी बसतो. बाप खूश. म्हणतो, चेंडूच्या नादातनं सुटला एकदाचा.”

मस्के म्हणाले, “लई ग्वाड बोलतंय पोरगं.”

मग नरसय्यानं विचारलं, “त्या दिवशी मी नाही म्हटलो असतो तर, अण्णा? तर तुम्ही हितं नसता ना?”

“तू नाही म्हणाला असतास तर दुसरा कुणी उभा राहिला असता.”

“दुसरा कोण?” तो म्हणाला. “तुमच्यासाठी दुसरा कोण उभा राहिला असता?”

संघातले बाकीचे एकेक करून डोळ्यांपुढं आले. खरंच कुणी नव्हतं. त्याची चूक होती ती माझ्यावरच्या मायेची होती, आणि मी ती सवयीनं घेतली होती. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तो उठून माझ्या स्टुलावरची चादर नीट करायला लागला. म्हणाला, “पाय बाहेर आल्यात.”

सहा आठवडे

सहा आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. इंजेक्शनांनी कानात शिट्टी वाजायची. गोळ्यांनी तोंड कडू. प्लास्टरच्या आत खाज सुटायची. पण हे सगळं कमरेच्या वर. खाली शांतता. मी रोज एक आडवी रेघ काढायचो वहीत, महानंदा वही धरायची. एकविसाव्या रेघेपर्यंत काही नाही. पंचविसाव्या रेघेला मी वही नको म्हणालो.

आशा आहे का, असं तुम्हाला कुणी विचारेल. तेव्हा ‘भीती वाटते’ एवढं सांगायची मुभा असू द्या. सगळे मला धीर द्यायचे, धीर धर म्हणायचे. एकट्या मस्क्यांनी विचारलं, “मास्तर, भ्या वाटतंय का?” मी म्हणालो, “फार.” ते म्हणाले, “मला बी. ह्यो पाय आखूड झाला तर ट्रकचा क्लच कुटनं दाबू?” मग आम्ही दोघं बराच वेळ आपापल्या पायांना भीत पडून राहिलो. त्या दुपारी मला झोप लागली.

पाचव्या आठवड्यात एकदा उजव्या पावलावर काहीतरी चालल्यासारखं वाटलं. माशी असेल. आरशात बघितलं, तर माशी उडून जाताना दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्यावर माझा विश्वास राहिला नव्हता. आधी दिसली आणि मग वाटलं असं तर नाही?

दुसऱ्या दिवशी मी मस्क्यांना म्हणालो, “तुमच्याकडं पाठ खाजवायची काठी आहे ना? पोचते का माझ्या पायापर्यंत?”

“पोचवू की. कशाला?”

“मी डोळे मिटतो. आरसा फिरवतो. तुम्ही मनाला येईल तिथं लावा. क्रम नको. आणि मधूनमधून लावूच नका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवव्या दिवसाची ती सकाळ त्यांनीही पाहिली होती. “बरं,” म्हणाले.

मी डोळे मिटले.

“आता?”

“काही नाही.”

“आता?”

“काही नाही.”

“आता?”

“...उजवा अंगठा. नाही, अंगठ्याच्या बाजूला.”

मस्के बोलले नाहीत. पुढं विचारलं, “आता?”

“काही नाही.”

“आता?”

“काही नाही.”

“आता?”

“घोटा. उजवाच.”

काठी खाली पडल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर मस्के लटकत्या पायानिशी अर्धे उठून बसले होते आणि ओरडत होते, “सिस्टर! ओ सिस्टर! ह्येंचा पाय आला की ओ! दोनदाच लावली, दोन्ही बरोबर!”

मी रडलो. त्यातलं निम्मं भीतीनं. एक पाय आला होता. आता तो टिकायचा होता, आणि दुसरा यायचा होता.

उंची

दुसरा पाय तीन आठवड्यांनी आला, हळूहळू, बोटाबोटानं. पाठ उघडावी लागली नाही. पुढचे कित्येक महिने मी त्या साच्यात आडवाच होतो, आधी दवाखान्यात, मग घरी. गोळ्या दीड वर्ष घेतल्या, एकही चुकवली नाही. घरच्या सगळ्यांच्या छात्यांचे फोटो काढून घेतले. प्रत्येकाला निघताना मी आडव्यानंच बजावलं, फोटोच्या आधी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. आता मी एका शाळेत हिशेबनीस आहे. नरसय्या घरचा माग चालवतो. तो आमच्याकडे येतो, पण पूर्वीसारखा रोज नाही, आणि गिरणीचं नाव दोघंही काढत नाही.

शेवटी एकच दिवस सांगतो. साचा काढला त्या दिवशी डॉक्टरांनी मला उभं केलं. एका बाजूला महानंदा, दुसऱ्या बाजूला सिस्टर. जमीन फार लांब दिसत होती. डॉक्टर म्हणाले, बाहेर चालायला पाठीला पट्टा लागेल, मापं घ्या.

सिस्टरनी कागद घेतला. “उंची सांगा हो.”

तोंडाशी आकडा आला. वीस वर्षं प्रत्येक संघाच्या कागदावर मी तोच आकडा सांगितला होता. त्याच्यावर माझ्या पाचही नोकऱ्या लागल्या होत्या. पण दोन मणके खचले होते. किती खचले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

“सांगा की,” महानंदा म्हणाली. “तोंडपाठ तर हाय तुम्हाला.”

“मोजा,” मी म्हणालो.

त्या दोघींनी मला भिंतीपाशी नेलं. टाचा भिंतीला लावल्या. भिंत गार लागली. सिस्टर स्टुलावर चढल्या आणि लाकडी पट्टी वरून खाली सरकवायला लागल्या. इतक्या वर्षांत किती वेळा मोजून घेतलं असेल. पट्टी डोक्याला कधी टेकते ते मला न बघता कळायचं. ती जागा आली आणि गेली. पट्टी अजून खाली येत होती. महानंदानं माझा हात घट्ट धरला. पट्टी आणखी खाली आली, मग टेकली.

मी उभाच होतो.